दोन झेंडे की एक?

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाऊच्या पैशांतून जुनी रोमन ब्राँझची नाणी ऑनलाइन मागवतो आणि रात्री भिंग घेऊन बसतो. "यावर दोन झेंडे, त्यावर एकच," हे तासभर सांगतो. यावर पोट भरेल का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी झेंड्यांचं बोलू. ती नाणी बहुधा सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची असावीत. कडेने 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव, आणि मध्ये भाला-ढालवाले दोन सैनिक. इ.स. ३३० नंतरच्या नाण्यांवर त्यांच्यामध्ये दोन निशाणं दिसतात. ३३५च्या सुमारास नाण्याचं वजन घटवलं, आकार लहान झाला आणि निशाण एकच उरलं. म्हणजे तुमचा मुलगा झेंडे मोजून नाण्याचं वय काढतोय! सैनिकांच्या पायाखालची बारीक अक्षरं लागत असतील, तर टांकसाळही ओळखत असेल.

पण नाणी जमवून पोट भरत नाही. बाजारात बनावट माल फार. शिवाय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी विकता येत नाही. पगार मिळतो तो नाणं वाचणाऱ्याला: संग्रहालयात, पुरातत्त्व खात्यात, लिलावगृहाची सूची करताना. जागा मोजक्याच असतात, हे त्यालाही स्पष्ट सांगा.

इथे काम करायचं तर नुसत्या रोमवर भागणार नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला शक क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं डोकावतात. झेंडे मोजणाऱ्या पोराला हे नक्की आवडेल. त्याला या नाण्यांवरची ब्राह्मी लिपी शिकू दे.

बी.कॉम. मात्र सोडू देऊ नका. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करता येईल. त्याआधी एकदा नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था बघून यावी.

तोवर नवी खरेदी बंद. आहेत त्या नाण्यांची वही करायला लावा: वजन, व्यास, दोन्ही बाजूंची चित्रं आणि अक्षरं. वजनाला ओळखीच्या सोनाराचा काटा चालेल.