'सूचित संमती'त नेमकं काय सूचित होतं?

विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: वैद्यकीय कायदा शिकताना इन्फॉर्म्ड कन्सेंटला, म्हणजे उपचाराची माहिती घेऊन रुग्णाने दिलेल्या संमतीला, मराठीत काय म्हणावं? तिला 'सूचित संमती', 'माहितीपूर्ण संमती', 'सुजाण संमती' असे तीन शब्द भेटलेत. की सरळ 'परवानगी' म्हणावं?

'सूचित' आधी बाद करा. हिंदीत सूचित करणं म्हणजे कळवणं. मराठीत, सरकारी पत्रांतलं 'सूचित करण्यात येते' सोडलं, तर सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. अशी न बोलता दिलेली संमती कायद्यात खरोखरच असते, पण ती वेगळी. इंजेक्शनसाठी रुग्णाने मुकाट बाही वर केली की ती गृहीत धरतात. म्हणजे शब्द चुकला की संकल्पनाच बदलली.

'माहितीपूर्ण' व्याख्यान असतं. 'सुजाण' कानाला बरा लागतो, पण तो माणसाला लावायचा शब्द. पोटदुखीने कळवळणाऱ्याकडून सुजाणपणाची अपेक्षा कशाला? 'परवानगी' मात्र मला उगाच आवडतो. परवानगी ज्याचा अधिकार तो देतो, आणि इथे शरीर रुग्णाचंच आहे! अडचण एवढीच, की परवानगी न समजताही देता येते.

संमतीत 'मति' आहे, धातू मन्, विचार करणं. करार कायद्याच्या कलम १३ मधली व्याख्याही तीच वाट धरते: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं. मराठी वृत्तपत्रांत हा शब्द गाजला तो १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने, पण तेव्हाचा वाद मुख्यतः सरकारने धर्मात हात घालावा का, याचा होता; माझी भिस्त 'मति'वरच. म्हणून मी 'समजून दिलेली संमती' लिहीन. लांब आहे, असू दे.

परीक्षेसाठी एक बारकावा. समिरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी पद्धतीची, म्हणजे रुग्णाला काय जाणून घ्यायचं असेल त्यावर बेतलेली, 'इन्फॉर्म्ड' कसोटी न घेता 'रिअल कन्सेंट', खरी संमती, हा शब्द धरला. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. रुग्ण सज्ञान, जिवावर बेतलेलं नाही, मग आईची संमती चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. गंमत म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत, म्हणजे नीतीच्या कागदात, लेखी संमती कुणाची याची यादी पती-पत्नीपासून सुरू होते, मग अल्पवयीन मुलाचे पालक, आणि रुग्ण स्वतः शेवटी. नीती कायद्याच्या चार पावलं पुढे असते असं वर्गात शिकवतात; इथे ती मागे राहिलीय.

क्रियापदाकडेही बघा. वॉर्डात कुणी संमती 'देत' नाही, 'कन्सेंट घेतला का?' असंच विचारतात, आणि त्याचा अर्थ 'सही झाली का?' एवढाच. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी सिस्टरने कागद माझ्यासमोर धरला, "इथं, इथं आणि मागे." आई शेजारीच, डोळ्यांत थेंब घालून बसलेली. "कसली गं सही?" तिने विचारलं. "काही नाही आजी, फॉर्म आहे," सिस्टर म्हणाली. फॉर्मवर छापलं होतं: 'मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगितले आहे.'