बातम्या फुकट, मॅच भाड्याने

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, की केबल नाहीतर डिश बंद करून नुसतं इंटरनेटवर टीव्ही बघितला तर आपल्या मराठी बातम्या आणि आपल्याकडचे खेळ दिसतील का, आणि किती पैसे जातील. त्यामुळे गिझर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न : केबल बंद करून फायबर घेतलं, टीव्ही स्मार्ट आहे. सासऱ्यांना दिवसभर मराठी न्यूज चॅनल लागतं आणि सातला सह्याद्रीच्या बातम्या. मुलगा म्हणतो एका ॲपचं वर्षाचं पॅक घेऊन टाकू. घेऊ का? (एक ताई, सिडको, नाशिक)

ताई, बातम्यांसाठी एक रुपया देऊ नका. एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी, झी चोवीस तास, न्यूज एटीन लोकमत, साम, लोकशाही, एनडीटीव्ही मराठी, हे सगळे यूट्यूबवर लाइव्ह असतात आणि फुकट असतात, मध्ये जाहिराती येतात तेवढ्या सोसायच्या, त्या केबलवर काय कमी होत्या. सह्याद्रीच्या बातम्या दूरदर्शनच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर मिळतील, शिवाय प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, त्यात दूरदर्शनचे चॅनल आणि आकाशवाणी पण आहे, आजोबांना रेडिओची सवय असेल तर ते मोबाइलवर टाकून द्या.

आता खरी अडचण वेगळीच येणार आहे ती आधीच सांगतो. मुलगा हौसेनं लाइव्ह व्हिडिओ सेव्ह करून देईल आणि दोन दिवसांनी आजोबा म्हणतील टीव्ही बिघडला. होतं काय, चॅनलवाल्यांनी लाइव्ह बंद करून परत सुरू केलं की त्याची लिंक बदलते आणि जुनी मरते, म्हणून व्हिडिओ सेव्ह करायचा नाही, चॅनल सबस्क्राइब करायचं आणि तिथल्या लाइव्हच्या टॅबमध्ये जायचं. त्याहून सोपं म्हणजे रिमोटवरचं माइकचं बटण दाबून 'साम टीव्ही लाइव्ह' असं बोलायला शिकवा, वयस्कर माणसं हे दोन दिवसात पकडतात, उलट मग सगळ्या घराला ऐकवत बसतात.

आणि हो, राज्याच्या चॅनलवर नाशिक कधी दिसतं तर बिबट्या घुसला, लासलगावचे लिलाव बंद पडले किंवा सिंहस्थाच्या बैठकीला कोणी मंत्री आले तर. उद्या सिडकोत पाणी येणार का, त्र्यंबक नाक्यावरनं वाहतूक वळवली का, हे सांगतो तुमच्या केबलवाल्याचा लोकल चॅनल. केबल बंद केली की तो गेला. कनेक्शन परत करण्याआधी केबलवाल्या भाऊला विचारा की तुमचा चॅनल यूट्यूब किंवा फेसबुकवर असतो का, बरेच जण आता टाकतात.

प्रश्न : पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की फोनवर 'लाइव्ह' म्हणून व्हिडिओ येतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्यापर्यंत पाणी. आम्ही पंचवटीत राहतो, खाली जाऊन बघतो तर पाणी कमरेपर्यंत पण नाही. हे लाइव्ह मग खोटं कसं असतं? (पंचवटी)

लाइव्हच असतं ते, फक्त कॅमेरा लाइव्ह नसतो. जुना व्हिडिओ घ्यायचा, ऑगस्ट 2019 च्या पुराचे तर ढिगानं पडलेत, आणि तो कंप्युटरवरनं लाइव्ह म्हणून सोडायचा. यूट्यूबला आणि फेसबुकला एवढंच कळतं की आत्ता व्हिडिओ येतोय, त्यात काय आहे ते कधीचं आहे हे त्यांना कुठनं कळणार. लोक घाबरून बघत बसतात, ह्यांचे व्ह्यूज वाढतात.

ओळखायचं कसं, तर पाच-दहा मिनिटं नीट बघा. व्हिडिओ छोटा असतो आणि फिरवून फिरवून लावलेला असतो, त्यामुळे तोच पिवळी छत्रीवाला माणूस तीच चप्पल हातात घेऊन परत तिथनंच जातो. उजेड बघा, बाहेर संध्याकाळचे सात वाजलेत आणि स्क्रीनवर लख्ख दुपार असेल तर सोडून द्या. कोणीच बोलत नसेल, नुसतं टेन्शनवालं म्युझिक असेल तर तेही तसलंच समजा. चॅनलच्या नावावर टिचकी मारा, आधीचे व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातले अपघात नि चमत्काराचे असतील तर नाशिकचा कॅमेरा त्याच्याकडे येणार कुठनं. खात्रीसाठी गंगापूर धरणातनं किती क्युसेक सोडलं ते बघा, तो आकडा प्रशासन देतं आणि आपले लोकल पत्रकार लगेच टाकतात. धरणातलं पाणी रामकुंडावर यायला वेळ लागतो, त्यामुळे विसर्ग वाढवायच्या आतच मारुती बुडालेला दिसत असेल तर काय ते समजून घ्या.

प्रश्न : देवळालीला आमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्स आहे. भारताची वनडे सुरू असताना त्यावर भलतंच काहीतरी चालू होतं आणि गावी भावाच्या फ्री डिशवर त्याच वेळी मॅच! केबलवाल्यानं बंद केली का? (देवळाली कॅम्प)

केबलवाल्याला शिव्या देऊ नका, यात त्याचा काहीच हात नाही. 2007 चा एक कायदा आहे, त्यानुसार देशाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या ठरवलेल्या मॅचचं सिग्नल ज्याच्याकडे हक्क आहेत त्यानं प्रसार भारतीला द्यावंच लागतं, म्हणून भारताच्या वनडे, टी-ट्वेंटी दूरदर्शनवर दिसतात. पण केबल आणि खासगी डिशवर डीडी दाखवणं सक्तीचं, त्यामुळे झालं असं की लोकांना तीच मॅच तिथेही फुकट दिसायला लागली आणि ज्यांनी कोट्यवधी मोजले ते कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं की हे सिग्नल दूरदर्शननं स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच वापरायचं, केबलवाल्यांना पुढे द्यायचं नाही. तेव्हापासून गावी फ्री डिशच्या छत्रीवर मॅच आणि शहरात महिन्याला पैसे भरून दुसरंच काहीतरी, अशी उलटी गंगा आहे.

तुमचा मुद्दा फक्त भारताच्या मॅचपुरता असेल तर फ्री डिश हा आजही सगळ्यात स्वस्त उपाय, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. आयपीएल मात्र या कायद्यात येत नाही. आणि वेव्हजवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर तीच मॅच तिथेही असेल असं धरून चालू नका, इंटरनेटचे हक्क वेगळे असतात.

प्रश्न : शेजारी डिश, आमच्याकडे ॲप. आमचा बॉलर अजून रनअपला असतो आणि भिंतीपलीकडनं 'आउट!' असा आरडाओरडा. नेट शंभर एमबीचं आहे तरी असं का? (इंदिरानगर)

राव, शंभराचं हजार केलं तरी शेजारीच जिंकणार. डिशचं सिग्नल 36000 किलोमीटर वर जाऊन खाली येतं त्याला पाव सेकंद लागतो, बाकी प्रोसेसिंग धरून काही सेकंद मागे. ॲपमध्ये मात्र व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा चार-पाच क्वालिटीत बनवतात, कोणाचा फोन कोणाचा टीव्ही, मग ते तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातात आणि तुमचं ॲप अडखळू नये म्हणून पुढचे काही तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतं. रेशनच्या रांगेसारखं आहे, तुमची पिशवी कितीही मोठी असली तरी नंबर आल्याशिवाय धान्य मिळत नाही. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो.

करता येण्यासारखं एवढंच की मध्ये पॉज केलं असेल तर परत लाइव्हचं बटण दाबा, नाहीतर चहा करायला गेलात तेवढा वेळ तुम्ही मॅचभर मागेच राहता, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद करा आणि फॅमिली ग्रुप म्यूट. मॅच नुसती मागे नसून अडकत पण असेल तर ते दुखणं वेगळं, त्याला टीव्हीला वायफायऐवजी राउटरपासून लॅनची वायर ओढा, दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर क्रिकेट बघणं म्हणजे स्वतःचं बीपी वाढवणं.

प्रश्न : आम्हाला आयपीएलचं एवढं वेड नाही. रणजी, एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग), कबड्डी, कुस्ती, बैलगाडा शर्यत, हे कुठे बघायचं? एकच पॅक घ्यायचं तर कुठलं? (गंगापूर रोड, निफाड आणि सिन्नरहून आलेले तीन प्रश्न एकत्र)

एकच पॅक सगळ्याला पुरेल असं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. खेळाचे हक्क लिलावात जातात आणि दर काही वर्षांनी घर बदलतात. जिओ सिनेमा आणि हॉटस्टार फेब्रुवारी 2025 मध्ये एक झाले, त्यामुळे आत्ता आयपीएल आणि भारताच्या घरच्या मॅच जिओ हॉटस्टारवर, पण आशिया कप सोनीकडे, आयपीएलचे हक्क तर 2027 पर्यंतचेच. म्हणून माझं सरळ मत, वर्षाचं पॅक घेऊच नका, सीझन आला की छोट्यात छोट्या मुदतीचं घ्या आणि ऑटो-पे बंद करून टाका. पॅक घेताना 'मोबाइल ओन्ली' लिहिलंय का ते वाचा, ते टीव्हीवर चालत नाही, यावरनं घराघरात भांडणं झालीत.

प्रो कबड्डी जिओ हॉटस्टारवर आणि स्टार स्पोर्ट्सवर, पुणेरी पलटणनं दहावा सीझन मारल्यापासून निफाडकडे प्रेक्षक वाढलेत म्हणे. एमपीएल पहिल्या वर्षी, 2023 ला, फॅनकोडवर होतं, ईगल नाशिक टायटन्सकडनं अर्शीन कुलकर्णीनं 54 बॉलमध्ये 117 ठोकले, 13 सिक्स, तेव्हा ते बघायला कितीतरी लोकांनी ते ॲप पहिल्यांदा टाकलं. पण त्यानंतर हक्क फिरलेत, म्हणून जून जवळ आला की आधी टीमच्या अधिकृत पेजवर बघा यंदा कुठे आहे आणि मगच पैसे भरा.

रणजीचं दुखणं जुनं आहे. एका राउंडला देशभर इतक्या मॅच असतात आणि कॅमेरे लागतात त्यातल्या मोजक्याच मॅचला, बाकीच्यांचा बीसीसीआयच्या साइटवर बॉल टू बॉल स्कोअर वाचायचा. सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष ही आपल्या नाशिकची पोरं महाराष्ट्राकडनं खेळतात आणि आपण त्यांना आकड्यांत बघतो. त्यामुळे गोल्फ क्लबवर, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर, मॅच पडली की पॅकबिक विसरा आणि डबा घेऊन जाऊन बसा, जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्रानं बडोद्याला तिथेच 439 रननी हरवलं.

कुस्ती आणि बैलगाड्याला तर पॅकची भानगडच नाही. 2020 ला हर्षवर्धन सदगीरनं नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली तेव्हापासून इकडे कुस्ती बघणारा वर्ग चांगलाच आहे. मोठ्या कुस्त्या न्यूज चॅनल लाइव्ह दाखवतात आणि गावोगावच्या जत्रेतल्या मैदानाला यूट्यूबवाले असतात, खांबाला मोबाइल बांधून. मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा मान्य केला त्यानंतर घाटाघाटातनं, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवरनं, लाइव्ह सुरू झालंय. क्वालिटी यथातथाच, पण कॉमेंट्री काय रंगते! पैसे भरून ऐकायला मिळणार नाही अशी.

प्रश्न : सातपूरला एकजण वर्षाला दीड हजारात 'सगळे चॅनल, सगळे ॲप' देतो, फोनवर एक फाइल पाठवतो ती टाकायची. घ्यावं का? (सातपूर)

नाही. ती चोरीची लाइन आहे, ऐन फायनलला बंद पडते आणि पैसे परत कोण देणार, तो तर नंबर बदलून मोकळा. त्यापेक्षा वाईट म्हणजे बाहेरनं आलेली ती फाइल, तिला मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी पण ती वाचते. टाकली असेलच तर ॲप काढा, बँकेचा पासवर्ड बदला आणि पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, उशीर केला की पैसे अडवणं अवघड होतं.

प्रश्न : सुरगाण्याला वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावतो. रोजचा दोन जीबी डेटा मॅचच्या मध्येच संपतो. (सुरगाणा)

क्वालिटी 'ऑटो'वर असेल, ती रेंज चांगली मिळाली की एचडीवर उडी मारते आणि एचडीला तासाला दीड ते तीन जीबी सहज जातात. सेटिंगमध्ये जाऊन 480 ला अडकवून ठेवा, तासाभराला अर्धा-पाऊण जीबीत काम होतं. टी-ट्वेंटी बसेल तेवढ्यात, थोडंफार इकडेतिकडे. वनडे नाही बसणार, त्याला वर देवळालीवाल्यांना सांगितलेली छत्रीच बरी, आणि सुरगाण्याला पावसात रेंज जाते तेव्हा बातम्यांसाठी आकाशवाणी आहेच, फक्त साध्या रेडिओवर ऐका, ॲपवर नको.