सरकारने बाईच्या कपड्यात पडावं का?

प्रश्न : मी मिरजेची. माझी भाची तिकडं कर्नाटकात कॉलेजला होती, 2022 ला हिजाबवरून तिला गेटवरच अडवलं, वर्ष वाया गेलं. मला स्वतःला बुरखा आवडत नाही, पण मग कायदा करून काढायला लावणं बरोबर आहे का?

उत्तर : नाही ताई, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. इराणचंच बघा ना, 1936 ला तिथला राजा रझाशाह याने बायकांच्या पडद्यावर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढायचे, कितीतरी जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. मग 1979 च्या क्रांतीनंतर त्याच देशात उलट सक्ती, आणि 2022 ला हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली 22 वर्षांची महसा अमिनी कोठडीत असतानाच गेली. दोन्ही वेळी बाईला कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे कर्नाटक सरकारचा, कॉलेजात ठरलेला गणवेशच घालायचा हा आदेश 5 फेब्रुवारी 2022 चा, त्यावरूनच हिजाब अडवला गेला, हायकोर्टाने तो कायम ठेवला, सुप्रीम कोर्टात ऑक्टोबरमध्ये दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली. त्यातले बंदीच्या विरोधात गेलेले न्यायमूर्ती धुलिया यांचा भर मुलींच्या शिक्षणावर होता, मला तेच पटतं.

परीक्षेला ओळख पटवायला बाईसमोर चेहरा दाखवावा, ते ठीक. घरचे जबरदस्ती करत असतील तर तेही चूकच, पण त्यावर उपाय म्हणजे पोरीच्या हातात डिग्री आणि पगार, गेट बंद करून ती घरात त्याच माणसांच्या ताब्यात जाते हो. भाचीला आधी परत ॲडमिशन घ्यायला लावा, सांगलीत घेता आली तर बघा.