शेकर हाइट्समधलं १९२७ सालचं 'ट्युडर' घर: भिंतीवरच्या तुळया खऱ्या असतात का?

अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ शेकर हाइट्समध्ये तुम्हाला १९२७ सालचं ट्युडर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लिश घरांच्या धाटणीचं घर आवडलंय. पांढऱ्या भिंतीवरच्या त्या काळपट तुळया घर तोलतात की नुसती शोभा, आणि असं घर घ्यावं का, हा तुमचा प्रश्न. याच गावात तसल्याच घरात ११ वर्षं राहतोय, म्हणून सांगतो.

तुळया शोभेच्याच. आपल्या जुन्या वाड्यात खांब-तुळई काढली तर माडी खाली येईल. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही तसंच होतं: ओकचा जाड सांगाडा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला, आणि मधल्या जागेत चक्क कुडाची भिंत. तुमच्या घरात मात्र आत साधा अमेरिकन टू-बाय-फोरचा, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असणार. त्यावर फळ्या, डांबरी कागद, गिलावा आणि दर्शनी बाजूला जेमतेम इंचभर जाडीचं लाकूड ठोकलेलं. खालच्या मजल्याची वीटही बहुतेक एकेरी असते, भार घेत नाही. पहिल्या महायुद्धानंतर विटांचा असा एकेरी पदर चढवणं स्वस्त झालं आणि गडगंजांचा हा थाट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. शेअर दलालांवरून 'स्टॉकब्रोकर्स ट्युडर' असं टोपणनावही पडलं.

इथे मात्र ही नुसती मालकाची हौस नव्हती. गाव वसवणाऱ्या व्हॅन स्वेरिंजन बंधूंचे नियमच होते: नकाशा आर्किटेक्टचा, मंजुरी त्यांच्या कंपनीची, शैली इंग्लिश, फ्रेंच नाहीतर कलोनियल (अमेरिकेतल्या वसाहतकाळातली). ही जमीन मुळात शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. ते १८८९ पर्यंत इथे राहत होते आणि साधेपणाबद्दल इतके कडक की बिनकामाची एक फळी त्यांनी भिंतीवर ठोकू दिली नसती!

जुनं खरेदीखत मागवून जरूर वाचा. १९२५ च्या सुमारास त्यात कलम आलं की घर विकताना कंपनीची किंवा आजूबाजूच्या बहुसंख्य घरमालकांची संमती हवी. वंशाचा उल्लेख नाही, पण रोख कृष्णवर्णीय आणि ज्यू कुटुंबांवर होता. वंशाच्या आधारावरचे असले करार कोर्टांनी राबवायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने ठरवलं ते १९४८ साली. आमच्या आडनावाला तेव्हाच्या शेजाऱ्यांनी संमती दिली असती असं मला तरी वाटत नाही.

आता घ्यावं का? घ्या, पण स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, छपराचं पाणी पडतं तिथल्या आडव्या फळीत मी तो टोचला, तर चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला. वरून रंग झकास! आधीच्या मालकाच्या कंत्राटदाराने फळीची खालची फट सीलंटने बुजवली होती, त्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. नवी फळी लावताना तिच्या वरच्या कडेला उतार दिला, गिलाव्याच्या मागून पत्र्याची पट्टी खोचली आणि खालची फट उघडी ठेवली. तेव्हापासून कोरडी आहे.

वायरिंग पोर्सेलिनच्या गुट्ट्यांवरची जुनी असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. रेडिएटर मात्र काढू नका, त्यांची ऊब फार छान असते.

छप्पर स्लेटचं असेल तर नशीबवान आहात. शाळेत आपण ज्यावर अ-आ-इ-ई गिरवलं तोच दगड, आणि चांगल्या खाणीतला असेल तर शंभर वर्षं सहज टिकतो. आधी जातात ते खिळे आणि सांध्यांवरचा पत्रा. म्हणून स्लेटची माहिती असलेलाच इन्स्पेक्टर बोलवा. बूट घालून तो थेट छपरावर चढायला लागला तर आधी खाली उतरवा, पाट्या पायाखाली फुटतात.