काढलेलं इम्प्लांट कचऱ्यात जाऊ देऊ नका

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. २०१६ साली स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत झालं, तेव्हाच सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. गेल्या दिवाळीत त्या बाजूला अचानक सूज आली. गावच्या डॉक्टरांनी आधी शेकायला सांगितलं. मग जळगावला सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी दिसलं आणि त्या पाण्याच्या तपासणीत जानेवारीत लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींचा एक कॅन्सर, निघाला. पुढच्या महिन्यात इम्प्लांट काढायचं आहे. जुनं हॉस्पिटल म्हणतं, संमतीपत्रावर तुमची सही आहे आणि इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. भाचा म्हणतो, पोलिसांत जा. दावा होतो का, मुदत गेली का, मुंबईच्या खेपा घालाव्या लागतील का, असं ताईंनी विचारलंय. पत्राच्या शेवटी एकच ओळ अहिराणीत आहे: "हाई दुखनं कोनले सांगू?"

ताई, मला सांगितलंत, फार बरं केलंत.

आधी एक सांगते. हा तुमचा जुना कॅन्सर उलटलेला नाही. इम्प्लांटभोवती शरीर जी पिशवीसारखी कॅप्सूल तयार करतं, तिच्यात आणि तिथल्या पाण्यात होणारा हा रक्तपेशींचा वेगळा, दुर्मीळ आजार आहे. तो कॅप्सूलच्या आतच असेल, तर इम्प्लांट आणि अख्खी कॅप्सूल काढल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून कज्ज्याच्या कामासाठी ऑपरेशन एक दिवसही पुढे ढकलू नका.

पण ऑपरेशनआधी एक अर्ज द्याच. तुमची सगळी केस त्यावर उभी राहणार आहे. सर्जन आणि हॉस्पिटलचे अधीक्षक, दोघांच्या नावे लिहा: काढलेलं इम्प्लांट टाकून देऊ नये, लेबल लावून, सीलबंद करून, पोच घेऊन आमच्या ताब्यात द्यावं. कॅप्सूल पॅथॉलॉजीत जाईल, तिचे तपासणीचे नमुने, म्हणजे ब्लॉक आणि स्लाइड, जपून ठेवावेत. हॉस्पिटलचा कचरा एकदा गाडीत गेला की परत मिळत नाही. जिथे दावा चालतो त्या ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेता येते, पण त्यासाठी वस्तू हातात हवी.

दुसरी गोष्ट स्टिकरची. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि सिरियल नंबर छापलेले छोटे स्टिकर येतात. एक ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात, एक रुग्णाच्या कार्डावर. माझ्याकडे गुडघ्याच्या इम्प्लांटची एक केस होती. महिनाभर शोधूनही स्टिकर सापडेना. शेवटी तो डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला निघाला, वर एक्स-रेचं पाकीट चिकटलेलं. तुमची २०१६ची फाईल पान न् पान उलटून बघा.

स्टिकर एवढा मोलाचा का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजाराचा इम्प्लांटशी संबंध असू शकतो, असं २०११ मध्येच जाहीर केलं होतं. जुलै २०१९ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने बायोसेल नावाची खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तोवर नोंदलेल्या ५७३ रुग्णांपैकी ४८१ जणींमध्ये त्या कंपनीची इम्प्लांट होती, आणि ३३ मृत्यू झाले होते. तुमचं कुठल्या कंपनीचं, खडबडीत की गुळगुळीत, हे स्टिकरच सांगेल.

कागदांबद्दल हॉस्पिटलचं म्हणणं अर्धं खरं आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. मात्र जे असेल ते मागितल्यापासून ७२ तासांत द्यावं लागतं. तेव्हा लेखी मागा, इम्प्लांट खरेदीचं बिलही मागा. "नाही" म्हणाले तर तेही लेखी घ्या. पुढे आयोग कागद हजर करायला लावू शकतो.

ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. ती २०१८ लाच संपली, असं समोरचे म्हणतील. आत दडलेलं नुकसान जेव्हा कळलं तेव्हापासून मुदत मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलंय. पण त्याच खटल्यातली रुग्ण हरली. ऑपरेशननंतर पोटात कापड राहिलं होतं, नऊ वर्षं दुखत होतं, तरी ती त्या सर्जनकडे गेली नव्हती. म्हणून सूज पहिल्यांदा कधी दिसली, त्यानंतर कोणाकडे कधी गेलात, ते तारखेवार लिहून काढा. "शेका" असं लिहिलेला गावच्या डॉक्टरांचा केस पेपरसुद्धा फाडू नका. मुदत मी दिवाळीपासूनच धरेन, जानेवारीपासून नाही.

आता दावा कोणावर? सर्जनवरची बाजू मला कच्ची वाटते, आणि हे तुम्हाला आधीच सांगायला हवं. संमतीबद्दलचा २००८चा निकाल मोठे धोके सांगायलाच हवेत म्हणतो, अगदी दूरचे सांगायलाच हवेत असं म्हणत नाही. २०१६ मध्ये हा धोका दूरचा होता, असं डॉक्टर म्हणतील. पण तुमचं इम्प्लांट परत मागवलेल्यांपैकी असेल आणि २०१९ नंतरही कोणी तुम्हाला कळवलं नसेल, तर तो प्रश्न जोरात विचारता येईल. पक्की बाजू कंपनीवर आणि आयातदारावर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. परदेशी कंपनीवर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ खाली विक्रेत्याला धरता येतं, आणि आयात करणाराही त्यात येतो. विक्री २०१६ची, हा नवा कायदा लागू नाही, असा आक्षेप येणारच. म्हणून जुन्या कायद्यातली सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटीही तक्रारीत मांडायची.

भाच्याला थांबवा. डॉक्टरवर फौजदारी करायला घोर निष्काळजीपणा लागतो, तो इथे मला दिसत नाही.

मुंबईच्या खेपा नकोत. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमची जळगावच्या जिल्हा आयोगात. तुम्ही तेव्हा मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फीही नाही.

मेडिक्लेमवाले "कॉस्मेटिक" म्हणून हात झटकायला लागले, तर कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या अपवादात बसत नाही, हे पॉलिसीतच दाखवा.

अर्ज मराठीत चालेल. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत या आठवड्यातच मला पाठवा.