थ्रीडी अॅनिमेशनच्या पात्राच्या चेहऱ्यावर दीडशेच्या वर मॉर्फ (चेहऱ्याचे साठवून ठेवलेले बदललेले आकार) आहेत, तरी हसू खोटं का वाटतं? एवढे मॉर्फ सांभाळायचे कसे?

दीडशेचा आकडा तुम्ही जरा अभिमानानं लिहिलेला दिसतोय. दुखणं तिथेच आहे.

हसू खोटं वाटतं कारण बहुतेक ते नुसतं ओठांवर आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीजन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. त्यात ओठांचे कोपरे ओढणारी हालचाल १२, आणि गाल वर चढवून डोळ्यांभोवती आवळणारी ६. तुमच्याकडे १२ असेल, ६ नसेल. ती लावा, आणि डाव्या-उजव्या बाजूला तंतोतंत सारखे आकडे देऊ नका.

आता मॉर्फ सांभाळण्याचं. एका मालिकेसाठी मी रिगिंग, म्हणजे पात्र हलवता यावं म्हणून त्याची आतली जोडणी, करत होते. मुख्य पात्र सारखं खदाखदा हसणारं. हसू आणि जबडा, दोन्हींचे डायल (मॉर्फ किती लागू करायचा ते ० ते १ मध्ये ठरवणारे) पूर्ण फिरवले की ओठांचे कोपरे गालात घुसायचे आणि खालच्या ओठातून दात बाहेर यायचे. होणारच, मॉर्फची नुसती बेरीज होते आणि दोन्ही मॉर्फ तोच कोपरा ओढतात. आमच्या लीडचा, म्हणजे टीमप्रमुखांचा, उपाय ठरलेला: त्या शॉटपुरता नवा मॉर्फ. मग ‘हसू_नवं’, ‘हसू_फायनल’, ‘हसू_फायनल_हेच_वापरा’. यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं, आणि कुठला मॉर्फ कुठल्या शॉटचा हे ज्यानं बनवला त्यालाही सांगता यायचं नाही.

मी म्हणत होते, एकच करेक्टिव्ह, म्हणजे दोन मॉर्फ एकत्र आल्यावरची चूक सुधारणारा मॉर्फ, करू. दोन्ही डायल १ वर ठेवायचे, तोंड हवं तसं हातानं घडवायचं (स्कल्प्ट), त्या दोन मॉर्फनी आधीच दिलेलं वजा करायचं आणि उरलेला फरक वेगळा मॉर्फ म्हणून ठेवायचा. त्याचा आकडा म्हणजे त्या दोन डायलचा गुणाकार, ड्रायव्हरनं (दुसऱ्या डायलवरून आकडा आपोआप ठरवणाऱ्या जोडणीनं) जोडलेला. दोन्ही अर्धे असतील तर हा पाव लागतो. तोंड मिटलं की आपोआप शून्य. अ‍ॅनिमेटरला तो दिसायचीही गरज नाही. यावर लीड म्हणाले, “हे गणित प्रेक्षकांना दिसत नाही.” नसेल दिसत. दात दिसतात ना!

पुढे दिग्दर्शकांना ओठ जाडसर हवे झाले. शॉटपुरते केलेले ते सगळे मॉर्फ एकेक उघडून पुन्हा घडवावे लागले, रात्री जागून. मी हट्टानं केलेली भुवया-पापण्यांची बाजू मात्र मूठभर मॉर्फची होती, तिथे काही अडलंच नाही. नंतर मीटिंगमध्ये लीडनी शांतपणे सांगितलं, “रिग आपण पहिल्यापासून आटोपशीरच ठेवला होता.” आपण!

म्हणून सांगते, ‘आनंद’, ‘राग’ असे अख्ख्या चेहऱ्याचे मॉर्फ काढून टाका. आनंद हवा तर लहान मॉर्फचे आकडे पोझ म्हणून साठवा. नावात आधी अवयव, मग हालचाल, शेवटी बाजू. शॉटचा क्रमांक नावात दिसला की तो मॉर्फ संशयित. पापणी मिटताना बुबुळातून आरपार जात असेल तर नवा मॉर्फ नको, ०.५ वर एक इनबिटवीन, म्हणजे त्याच मॉर्फचा मधला आकार, द्या. मॉर्फमधला बिंदू सरळ रेषेत जातो, डोळा गोल असतो.

पात्र विकत घेतलेलं असेल तर मात्र लगेच काही उडवू नका. काही मॉर्फ दुसऱ्यांना आतून जोडलेले असतात, आधी प्रत काढून त्यावर तपासा. आयफोनवरून अॅपलच्या एआरकिटनं चेहऱ्याच्या हालचाली पकडत असाल तर त्याच्या ५२ मॉर्फची नावं आहेत तशीच ठेवा, माझा नावांचा नियम तिथे लावू नका. आणि सपाट कार्टून शैलीत तोंडाची अख्खी चित्रंच बदलत असाल, तर वरचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. त्या बाबतीत लीडचं बरोबर होतं, फक्त आमची मालिका तशी नव्हती.