पाणपक्ष्यांची तिकिटे आणि पाणी

प्रश्न : वडिलांच्या पोस्टाच्या तिकिटांमधून मी पक्ष्यांची तिकिटे वेगळी काढत आहे. 1994 सालच्या पाणपक्ष्यांच्या संचातील चारही कोरी तिकिटे दमट हवेने वहीच्या पानाला चिकटली होती. त्यांतील दोन पाण्यात ठेवताच रंग सुटू लागला. ती बनावट होती का? आणि संग्रह कोणत्या क्रमाने लावावा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : केवळ रंग सुटला म्हणून ही तिकिटे बनावट ठरत नाहीत. टपाल खात्याने नोव्हेंबर 1994मध्ये काढलेल्या या संचाची छपाई पाण्यात विरघळणाऱ्या शाईने झाली होती आणि त्यामुळेच तो थोड्याच दिवसांत मागे घेण्यात आला. गुलाबी डोक्याच्या बदकाचे तिकीट याच संचातले. कित्येक दशकांत ज्याची खात्रीशीर नोंद नाही असा हा पक्षी, त्यामुळे तुमची हळहळ मी समजू शकतो. उरलेल्या दोन तिकिटांना पाणीच काय, वाफही दाखवू नका. भोवतीचा कागद बोटभर राखून ती पानासकट कापा आणि तशीच पारदर्शक पाकिटात ठेवा. एरवीही कोरे तिकीट भिजवू नये, कारण त्याचा मागचा डिंक गेला की ते कोरे मानले जात नाही. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने उचलावे आणि कोकणातल्या पावसाळ्यात अल्बम आडवे रचून न ठेवता उभे ठेवावेत, म्हणजे पानांवर दाब येत नाही.

क्रमाबाबत अनेकजण पक्ष्यांच्या कुळांप्रमाणे मांडणी करतात, पण भारतीय तिकिटे प्रकाशनाच्या सालाप्रमाणे लावावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग आपले लक्ष कोणत्या पक्ष्यांकडे कधी वळले ते पानोपानी दिसते. 1968च्या संचात लाल चोचीचा निळा मॅगपाय, सुतार आणि सूर्यपक्षी आहेत; 1975मध्ये नवरंग, हळद्या आणि मोनाल येतात. पुढे 1980मध्ये जयपूरच्या परिसंवादानिमित्त माळढोक तिकिटावर आला, ज्याच्यासाठी आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य आहे, आणि 2006मध्ये तणमोरासह चार संकटग्रस्त पक्षी आले. 1983चे धनेशाचे तिकीट मात्र सालाच्या ओळीत असले, तरी त्याच्याखाली दोन ओळी जास्त लिहाव्यात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीचे ते तिकीट असून, संस्थेच्या कार्यालयात 1894पासून 1920पर्यंत राहिलेल्या विल्यम नावाच्या धनेशामुळेच हा पक्षी तिचे बोधचिन्ह झाला.

रंग गेलेली दोन तिकिटे टाकून देऊ नका. वाळल्यावर ती उरलेल्या दोघांच्या शेजारी लावा आणि पाण्यात काय घडले ते खाली पेन्सिलीने, तारखेसह, लिहून ठेवा.